झेनॉनच्या दिव्यावरच्या पिवळ्या रेघा

मला रात्रीचं दिसत नाही, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. कंपनीत सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, नात्यातल्या बायकांना सांगितलं. बायकांनी गाजर खा म्हणून सांगितलं, तर तेही मी किलोकिलोनं खाल्लं. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. खरं तर आता हे आठवून हसू यायला हवं, पण अजून रागच येतो.

चाकणच्या एका कार कारखान्यात मी लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला काम करायचे. तयार गाडी तिथं येऊन थांबते, तिच्या पुढ्यात एक यंत्र सरकतं आणि हेडलाइटचा झोत वर आहे की खाली, ते त्या यंत्राच्या पडद्यावर दिसतं. दिव्याच्या मागच्या बाजूला एक दातेरी स्क्रू असतो. तो फिरवत झोत जागेवर आणायचा आणि पडदा हिरवा झाला की गाडी सोडायची. बरीच वर्षं मी हेच केलं, मग त्याच जागेवरच्या मुलींची प्रमुख झाले. समोरून येणारा एखादा डोळ्यांत दिवे खुपसतो, तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या घालते आणि मग वाटतं, बाई, हे दिवे तुझ्याच हाताखालून गेलेले नसोत म्हणजे झालं.

हे काम मला अण्णांमुळं मिळालं. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका कंपनीत ते फिटर होते आणि आम्ही दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला दोन खोल्यांत राहायचो. दहावीनंतर मामा म्हणाले होते, पोरीला शिवणकामाला घाला. अण्णांनी त्यांना चहा पाजला, स्टेशनपर्यंत सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी मला आयटीआयला नेऊन फिटरच्या वर्गात बसवलं. त्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढं माझं लग्न मोडलं आणि मी बॅगा घेऊन दारात आले, तेव्हा भावकीतले चार लोक विचारपूस करायला आले होते. म्हणजे चौकशी करायला. अण्णा त्यांना म्हणाले, "पोरगी परत आली न्हाई, घरी आली. चहा घेता का?" मला ते वाक्य आजही पाठ आहे. अशा माणसावर संशय घ्यायला मन कुठून आणायचं?

अण्णांची एक सवय सांगायला हवी. नट किंवा स्क्रू आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, निम्मी स्क्रूच्या डोक्यावर, निम्मी बाजूच्या पत्र्यावर. रेघ जुळलेली दिसली तर स्क्रू हललेला नाही. तुटलेली दिसली तर कुणीतरी फिरवला किंवा तो आपणहून ढिला झाला. रेघच नसेल, तर कुणी काम केलंच नाही. कारखान्यात हे सगळेच करतात. अण्णा ते घरी करायचे. आमच्या पंख्याच्या नटांवर पिवळी रेघ, नळाच्या जोडावर पिवळी रेघ, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर पिवळी रेघ. आई होती तेव्हा वैतागून म्हणायची, "एक रेघ माझ्या कपाळावर बी मारा." मला ती सवय त्यांच्याकडूनच लागली. रेघ न ओढता स्क्रू सोडला तर हातून काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आई गेली आणि अण्णा निवृत्त झाले, त्यानंतर आम्ही दोघं पुनावळ्याला राहायला आलो. आठव्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंग, समोर अजून एक इमारत, तिच्यामागं अजून एक. अण्णांना तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. दापोडीत दारात बसलं की रस्ता बोलायचा, इथं लिफ्टमध्येसुद्धा माणसं मोबाइलशी बोलतात. म्हणून मी घेतलेल्या जुन्या सेकंडहँड गाडीत त्यांनी जीव गुंतवला. दर रविवारी बादली, फडकी आणि पान्ह्यांची पिशवी घेऊन खाली जायचे आणि दोन-दोन तास गाडीशी खेळत बसायचे. गाडी चालवायची मी आणि तिच्या पोटातलं सगळं बघायचं अण्णांनी, अशी आमची वाटणी होती. मी वर्षवर्ष बॉनेट उघडलं नाही. मेकॅनिक माझ्या घरातच होता, मग मी कशाला हात काळे करू?

गाडी जुनी असली तरी वरच्या मॉडेलची होती. तिला झेनॉनचे दिवे होते, तो पांढराशुभ्र, किंचित निळसर झोत पाडणारे. पहिल्या मालकानं त्यांची निगा राखली नव्हती, तरी चालत होते.

आमच्याकडं शिफ्ट इन-चार्जची जागा रिकामी होणार, असं कळलं तेव्हा माझं नाव पुढं आलं. त्या जागेवर तोवर एकही बाई बसलेली नव्हती. अट एकच होती, सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमाराला सुटणारी. आधी सहा-आठ महिने सेकंड शिफ्ट सांभाळून दाखवायची आणि मग बढतीचं पत्र मिळणार. काम संपवून, पुढच्या शिफ्टला सगळं सोपवून निघेपर्यंत कंपनीची बस निघून गेलेली असायची. ती बस पुनावळ्याकडं येतही नव्हती. म्हणजे स्वतःची गाडी आणि मोशीवरून देहूरोड, तिथून बायपास, हा रस्ता. मी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कर की. तू न्हाई करणार तर कोण करणार?"

मी करायला लागले. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग हळूहळू मला दिसेनासं झालं.

तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कडेला पार्किंगचे दिवे न लावता उभे असलेले कंटेनर, पट्टे पुसून गेलेले गतिरोधक, मध्येच उलट्या बाजूनं येणारा टेम्पो. पूर्वी मला उभा कंटेनर लांबूनच कळायचा, आता तो अचानक समोर उगवायला लागला. गंमत अशी की उजेड कमी झालाय असं वाटत नव्हतं. गाडीच्या पुढ्यात तर लख्ख होतं, रस्त्यावरची खडी मोजता आली असती. त्यापलीकडं मात्र काळंकुट्ट. अप्पर मारला तरी तेच, कारण त्या दिव्यात अप्पर आणि डिप्पर एकाच भिंगातून येतात. मी वेग कमी केला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत निघून जायचे. घरी पोचले की मान आखडलेली असायची आणि स्टिअरिंगवरून हात सुटता सुटायचे नाहीत.

मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, जरा दिवे बघता का? मला लांबचं दिसत नाही."

संध्याकाळी त्यांनी पार्किंगच्या भिंतीसमोर गाडी लावली, दिवे लावले, खाली वाकून बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "दिवे बरोबर हायेत, बाळा. तुझ्या डोळ्यांचं बघ एकदा. चाळिशी आलीय."

मी मान्य केलं. झोत बघणं हे माझंच रोजचं काम, पण अण्णांनी बघितल्यावर मी पुन्हा काय बघायचं? चाळिशी आलेलीच होती.

तरीही मी आधी दिव्यांवरच खर्च केला, कारण डोळ्यांपेक्षा दिवे बदलणं सोपं. पिंपरीत गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदार तरुण होता आणि फार बोलायचा, पण काम चोख करायचा. तो म्हणाला, ताई, झेनॉनचा बल्ब एकदम जात नाही, हळूहळू थकतो, रंग जांभळट होतो, म्हणून बदलायची तर जोडीच बदलायची. त्यानं दोन्ही बल्ब नवीन घातले, पिवळट पडलेली काच घासून पारदर्शक केली. मग शटरसमोर गाडी उभी केली, भिंतीवर चिकटपट्टी लावून झोताची कड पट्टीला टेकवली आणि मला बोलावून दाखवली. मी बघितलं. अगदी आमच्या पडद्यावर हिरवं यावं तशी कड होती. त्या रात्री घरी जाताना देहूरोडच्या अलीकडचा फलक मला इतक्या लांबून वाचता आला की मी एकटीच गाडीत "वा!" म्हणाले.

घरी आल्यावर मी अण्णांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं."

दोन-तीन रविवार गेले आणि पुन्हा तेच. उलट जास्तच वाईट, कारण नव्या बल्बांचा लख्ख उजेड पायाशी पडायचा, डोळे त्याला सरावायचे आणि पुढचा अंधार आणखी दाट व्हायचा. अण्णा म्हणाले, "डुप्लिकेट माल असंल. बाजारात दुसरं काय मिळतंय?" मी तणतणत दुकानात गेले आणि त्या पोरसवदा दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर चोर ठरवलं. त्यानं बल्बचे खोके दाखवले, शपथा घेतल्या आणि शेवटी काकुळतीला येऊन विचारलं, "ताई, मी भिंतीवर दाखवूनच दिलं होतं ना? गाडीला दुसरं कुणी हात लावतं का?"

मी म्हणाले, "माझे वडील लावतात. तुझ्या वयाएवढा त्यांचा अनुभव आहे." आणि दार आपटून निघाले.

आता राहिले डोळेच. वाकडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा अण्णा सोबत आले. मी नको म्हणत होते, तरी आले. डॉक्टरांनी काय होतं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "रातीचं दिसत न्हाई ओ तिला. लई काळजी वाटती." डॉक्टरांनी थेंब घातले, काचा बदलून बदलून अक्षरं वाचून घेतली आणि वयाला साजेसा बारीकसा नंबर निघाला. बाकी काही नाही. ते म्हणाले, एवढ्यानं रात्री अडचण यायला नको, पण त्रास होत असेल तर रात्रीचं ड्रायव्हिंग टाळा. परत येताना रिक्षात अण्णांनी माझा हात धरला होता, कारण थेंबांमुळं मला सगळं धूसर दिसत होतं. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा.

पावसाळा संपता संपता मी एका उभ्या ट्रेलरच्या मागं जाऊन थांबले. धडकले नाही. ब्रेक लागला आणि काचेपलीकडं ट्रेलरच्या लोखंडी कडा दिसत राहिल्या, त्याही इतक्या जवळ की त्यांचा गंज ओळखू यावा. घरी येऊन मी अण्णांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "सोड आता. जीवापरीस नोकरी मोठी न्हाई." दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं जाऊन जनरल शिफ्ट मागितली. साहेब चांगले होते, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हणाले, सर, मला रात्रीचं दिसत नाही. माझी बदली दिवसाच्या कामावर, दुसऱ्या शेडमध्ये झाली. इन-चार्जचं पत्र दुसऱ्याला मिळालं. त्यानं पेढे वाटले, मीही खाल्ला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. ती जागा केवळ माझी राहिली नव्हती. लाइनवरच्या सगळ्या मुली माझ्याकडं डोळे लावून बसल्या होत्या. आता पुढची दहा वर्षं साहेबलोक म्हणणार, बायकांना सेकंड शिफ्ट झेपत नाही, आमच्याकडं एक उदाहरण आहे. ते उदाहरण मी.

घरी अण्णा मात्र खुशीत होते. संध्याकाळी मी आले की भाकरी करायला घ्यायचे, ताटं मांडायचे, टीव्हीवरच्या बातम्यांवर वाद घालायचे. मला वाटायचं, माझी जखम झाकायला बिचारे हसतात.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो. आमच्या कंपनीत त्या आठवड्यात कामगारांच्या स्वतःच्या गाड्या तपासून देतात. एरवी आपली गाडी गेटबाहेरच्या पार्किंगमध्येच ठेवावी लागते, आत आणता येत नाही. त्या आठवड्यात मात्र लाइनच्या शेवटच्या टोकापर्यंत नेता येते. जेवणाच्या सुट्टीत मीही नेली, माझ्याच जुन्या जागेवर. यंत्रावर माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी होती. तिनं यंत्र सरकवलं आणि पडदा लालेलाल झाला.

"ताई, दोन्ही खाली आहेत. खूपच खाली," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आणि दोन्ही सारखेच."

ती हे सहज म्हणाली, पण मी वाकून पडद्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले. दिवा आपणहून उतरतो, खड्ड्यांनी उतरतो, धक्क्यानं उतरतो, पण तो एक उतरतो. एक थोडा, एक जास्त. मोजून मापून दोन्ही बरोबरीनं खाली आले असतील, तर ते हातानं आणलेले असतात. हातही कसलेला हवा.

मी बॉनेट उघडलं. उजव्या दिव्यामागच्या स्क्रूवर पिवळी रेघ होती, निम्मी स्क्रूवर, निम्मी बाजूच्या प्लास्टिकवर, अगदी नीट जुळलेली. पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. अण्णांचा हात इथंही फिरलाय. मग दिसलं की स्क्रूच्या डोक्यावर ती एकच रेघ नाही. गोलाकार, एकीच्या शेजारी एक, रेघाच रेघा होत्या. स्क्रू जरासा फिरवला, नवी रेघ ओढली. पुन्हा जरासा फिरवला, पुन्हा ओढली. डाव्या दिव्यावरही तशाच. एकदम उतरवला असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून रविवारी थोडा, पुढच्या रविवारी थोडा. आणि एवढी लबाडी करतानासुद्धा त्यांना रेघ ओढल्याशिवाय राहवलं नव्हतं. काम केलेला स्क्रू कोरा सोडणं त्यांच्या हाताला जमलंच नाही.

मी पान्हा घेतला, पडद्याकडं बघत दोन्ही स्क्रू फिरवले आणि पडदा हिरवा झाला. शेजारच्या मुलीनं सवयीनं पिवळा मार्कर पुढं केला. मी तो घेतला नाही.

त्या दिवशी मुद्दाम उशिरा निघाले, अंधार पडू दिला. मोशीच्या पुढं दिवे लावले आणि रस्ता दिसला. सगळा दिसला. कडेचे दगड, झाडांचे चुना लावलेले बुंधे, लांबवर उभा एक कंटेनर, त्याच्यापलीकडून सायकल हातात धरून येणारा माणूस. मला दिसत होतं! मी इतकी भडकले होते की डोळ्यांत पाणी आलं आणि थोडा वेळ पुन्हा काहीच दिसेना, म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

घरी अण्णांनी ताटं वाढली होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "अण्णा, दिव्यांचे स्क्रू तुम्ही फिरवले."

त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढं एक त्यांच्या बाजूनं सांगते. भाकरी ताटात ठेवून म्हणाले, "व्हय."

"का?"

"तो रस्ता वाईट हाय. रोज ऐकतो मी. आज इथं धडकला, उद्या तिथं."

"आणि त्या वाईट रस्त्यावर तुम्ही मला आंधळी करून सोडलीत? मी ट्रेलरखाली जाता जाता राहिले, अण्णा! तुम्हाला येऊन सांगितलं मी. तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत."

ते ताटाकडं बघत म्हणाले, "संध्याकाळचं घर खायला उठतं गं. तुझी आई गेल्यापास्नं." पुढं त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं? पोरीला म्हणू, तू मोठी होऊ नगस, माझ्याजवळ बस?"

हे ते मला आधी म्हणाले असते, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. कदाचित भांडले असते, कदाचित खरोखर जवळ बसले असते. निदान निवड माझी असती. मला त्यांची कीव येत होती आणि त्या कीवेचाही राग येत होता. मी विचारलं, "मला काही झालं असतं तर?"

तेव्हा अण्णांनी मान वर केली. आता एकदाचं सगळं सांगून मोकळं व्हावं, तसा त्यांचा चेहरा होता.

"तू इतके दिवस ओढशील असं वाटलं नव्हतं, बाळा," ते म्हणाले. "मला वाटलं, दिसंनासं झालं की आठवड्याभरात घाबरून सोडशील."

मी जेवले नाही. ट्रेलरचं मी एक दिवस माफ करीन, पत्राचंही करीन, वय झालेल्या माणसाच्या एकटेपणावर किती दिवस रागावणार? पण सगळ्या जगाला माझ्याबद्दल ठासून सांगणाऱ्या या माणसानं, आठ दिवसांत मी भिऊन घरी बसेन, असा हिशेब मनाशी धरला होता. आयटीआयच्या त्या वर्गात एकटीला बसवतानाही त्यांच्या मनात हेच होतं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.